डोंगराची साप्ताहिक सुट्टी

माझा जन्म रत्नागिरीकडचा. डोंगर ही माझ्या लेखी रजा काढून बघायला जाण्याची गोष्ट नव्हे. म्हणून चाकणपलीकडच्या एका बोडक्या डोंगरासाठी दोन दिवसांची रजा टाकली असं मी घरी सांगितलं, तेव्हा सौ. म्हणाली, "आपल्याकडचे संपले का?" त्या वेळी उत्तर देता आलं नाही. आता, एक पावसाळा उलटल्यावर, देतो आहे, आणि जे तिकडे गेलेले नाहीत त्यांनीही ते वाचायला हरकत नाही.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन आहे. सोळा वर्षं ड्रॉइंगच्या पाट्यापुढे बसून नटबोल्टांची चित्रं काढतो, आणि माझ्या रेघेचा मला भारी गर्व आहे. आमच्या पॅकिंग खात्यात बबन नावाचा फिटर आहे. त्याचं गाव करंजदरा, चाकणहून आत, डोंगराच्या पायथ्याला: खाली गावठाण, वर वाडी. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या पाट्यापाशी येऊन घुटमळला आणि म्हणाला, "सावंतसाहेब, डोंगराचं ड्रॉइंग काढता का?"

प्रकरण असं होतं. करंजदऱ्याचा डोंगर सरकारी, वनखात्याचा. दुष्काळापासून त्यावर धड झाड उरलं नव्हतं, धड गवत उरलं नव्हतं. खात्यानं ठरवलं, सबंध डोंगर काही वर्षं बंद करायचा, चर खणायचे, रोपं लावायची. शेरडू आत जाणार नाही आणि मोळी बाहेर येणार नाही. खात्याचं चुकलं असं म्हणता येईना, पण डोंगर बंद झाला की वरच्या वाडीच्या चुली थंड. तिथले वनपाल पाटणकर हे सरळ गृहस्थ. ते गावाला म्हणाले होते, "कुठला भाग बंद, कुठला चराईला, जळण कुठून आणायचं, हे माझ्याबरोबर बसून ठरवा. राखणीची निम्मी जबाबदारी तुमची. नकाशावर दोन्ही वस्त्यांचे अंगठे घेऊन शनिवारी चाकणच्या डाकबंगल्यावर मोठ्या साहेबांपुढे ठेवू. ते हो म्हणाले तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून तारा ठोकायच्या."

"गावात भांडायला शंभर माणसं हायेत, पण रेघ ओढणारं एक न्हाई," बबन म्हणाला.

मला रेघ ओढता येते. तेवढ्या भांडवलावर मी तयार झालो.

पाटणकरांनी खात्याचा जुना नकाशा बबनबरोबर एका दिवसापुरता पाठवला. त्यावरून डोंगराच्या उताराच्या रेघा, ओढे आणि हद्द मी ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर उतरवली. नावं मुद्दाम घातली नाहीत, कारण ती गावकऱ्यांच्या तोंडून ऐकून तिथेच लिहायची असा माझा बेत होता. डोक्यावर उत्तरेचा बाण तेवढा काढला. सुटायच्या भोंग्याआधी घाईघाईनं अमोनियाच्या मशीनवर त्याच्या दोन छापील प्रती काढल्या आणि मूळ नकाशा परत केला. ही घाई वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण मी ती विसरलो होतो.

कासारवाडी ते चाकण

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. सगळ्या कारखान्यांना एकदम वीज पुरत नाही, म्हणून साप्ताहिक सुट्ट्या वाटून दिल्या आहेत. एका भागाचं चाक थांबतं तेव्हा दुसऱ्याचं फिरतं. गावाकडून पाहुणे आले की हे समजावून सांगताना माझी पुरेवाट होते. तर असा आमचा रविवार, म्हणजे गुरुवार, उजाडला आणि हनीफभाईंचा टेम्पो दारात येऊन खोकू लागला.

हनीफभाई दापोडीचे मेकॅनिक. कुणाचा तरी टेम्पो दुरुस्त करता करता तो त्यांच्याच गळ्यात पडला. त्यांना करंजदऱ्याचं भाडं होतं: तिथून अकरा शेरडं शनिवारच्या बाजाराला चाकणला आणायची. "जाताना तुम्ही, येताना शेरडं," ते म्हणाले. "सीट तीच, सावंतसाहेब, मनाला लावून घेऊ नका." बबन पुढे, मी मधे, आणि नकाशे नि मूळ ट्रेसिंग ठेवलेली पत्र्याची लांब नळी माझ्या मांडीवर.

मोशीच्या पलीकडे इंजिन तापलं. पाणी आणायला डबा नव्हता. हनीफभाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि माझी नळी उचलली. आतले कागद काढून माझ्या हातात दिले आणि नळी घेऊन नदीवर गेले. सोळा वर्षं ज्या नळीला मी धुळीचं बोट लागू दिलं नाही, तिनं इंद्रायणीच्या चार खेपा केल्या. मी रस्त्याच्या कडेला भेंडोळी छातीशी धरून रागानं उभा होतो, आणि माझ्याकडे बघून बबनला हसू आवरत नव्हतं.

चाकणला पोचलो तो कांद्याच्या वासात. आमच्याकडे बाजार नाकाला मासळीनं कळतो, इथे कांद्यानं. बाजारतळाच्या लिंबाखाली चहा घेताना हनीफभाईंना शेरडांचा व्यापारी भेटला. पांढरा सदरा, कानात अत्तराचा बोळा. "शनिवारी आणा राव," तो म्हणाला. "मी इथंच लिंबाखाली हाय." मग हळूच विचारलं, "म्हातारी देती ना नक्की?"

"द्यायचंच तिला," हनीफभाई म्हणाले. "डोंगर बंद झाल्यावर काय अंगणात चारणार?"

म्हातारी म्हणजे बबनची आत्या तान्हाबाई, हे मला तेव्हा कळलं. बबन खाली बघून बशीतला चहा फुंकत होता.

करंजदरा, गुरुवार

तान्हाबाई वरच्या वाडीत एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. अकरा शेरडं आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती चुलीपाशी होती. "मासवडी केलीया पाव्हण्यांला," म्हणाली. कोकणी माणसाच्या कानाला हा शब्द काय वाटतो हे मी सांगायला नको. मी हात धुऊन, पाट ओढून, आशेनं बसलो. ताटात आली ती बेसनाची वडी, पोटात तीळ, खोबरं आणि कांद्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. मासा कुठेच नव्हता. पहिल्या घासाला मी रुसलो, दुसऱ्याला विरघळलो आणि चौथी वडी मी मागून घेतली. बाजरीच्या भाकरीशी ही वडी खाल्ली नसेल त्यानं चाकणच्या वाटेला जाऊन खावी, एवढंच म्हणतो.

दुपारी शाळेच्या पडवीत बैठक. गावठाणातली माणसं एका बाजूला, वरच्या वाडीची दुसऱ्या बाजूला, आणि मधे पाटणकर गुडघा चोळत बसलेले. मी नकाशा भिंतीवर लावला. निळ्या रेघांचा तो कागद बघायला सगळे पुढे वाकले आणि माझी छाती फुगली.

मी नावं विचारू लागलो. उगवतीच्या अंगाला काय म्हणता? टाकीची घळ. मावळतीच्या? गवळणीचा माळ. उगवतीचं नाव उजवीकडे लिहिलं, मावळतीचं डावीकडे. मग मी समजावून सांगितलं: जिथे रेघा एकमेकींपासून लांब, तिथे उतार मऊ, जिथे रेघा चिकटलेल्या, तिथे कडा. उजवीकडे रेघा लांब होत्या, डावीकडे चिकटलेल्या. पाटणकरांनी नकाशा बघून मान हलवली आणि मी जाहीर केलं, "टाकीची घळ चराईला मोकळी. गवळणीचा माळ बंद."

पडवीत चिडीचूप. एक म्हातारा टोपी सारखी करत म्हणाला, "घळीत... शेरडं?"

"नकाशात उतार अगदी सौम्य आहे," मी म्हणालो.

"कागदावर हाय म्हंजी असंल," तो म्हणाला, आणि एकेक करत माणसं उठून गेली. कुणी वाद घातला नाही. मला वाटलं, काम फत्ते.

बाहेर आल्यावर बबनचा चेहरा उतरलेला. "ते हो नव्हतं, साहेब. आमच्याकडं पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. अंगठा मागायला जाल, तेव्हा एक माणूस घरी सापडायचा नाही."

आमच्या कोकणात याच्या बरोबर उलट. तिथे पाहुण्याला आधी नाही म्हणतात, मग त्याचं ऐकून घेतात, आणि मग कोर्टात जातात. या गप्प बसण्यापुढे मी हतबल झालो. शिवाय रागही आला. रेघ म्हणजे रेघ! खात्याच्या नकाशावरून मी केसभरही न ढळता काढलेली.

वाडीत परतलो तेव्हा तान्हाबाई शेरडाला कोंडा घालत होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळी चला माझ्यासंगं. तुमच्या कागदातली चराई मलाबी बघू द्या. शनवारी इकायचीच हायेत, तर एक दिस चरू द्या की तितं."

टाकीची घळ, शुक्रवार सकाळ

सकाळी निघालो ते चौघं. तान्हाबाई पुढे अनवाणी, मागे बबन, मी आणि उगाचच आलेले हनीफभाई. वाटेत गवताची थोटकं, करवंदीच्या खुरटलेल्या जाळ्या आणि बुंधे. बुंधेच बुंधे. एका बुंध्यापाशी हनीफभाई थांबले आणि त्याला पाय लावून बघितला. पुढे जुन्या लागवडीची तार लोळत पडलेली. मी विचारलं, "ही कुणी तोडली?" तान्हाबाई शेरडांना हाकारत पुढे निघून गेली.

चढ संपला आणि मी मऊ उताराची वाट बघत आणखी वीस पावलं गेलो. एकविसाव्याला बबननं माझा दंड धरला. पुढे जमीन नव्हती. खाली सरळ काळा कडा, त्याच्या पोटात दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं, आणि घारी माझ्या पायांच्या खालून फिरत होत्या.

तान्हाबाई दगडावर टेकली. कनवटीची तंबाखू काढून मळत म्हणाली, "चारा आता."

मी नकाशा उघडला. चूक माझी नाही, जुन्या नकाशाची असणार, असं अजून वाटत होतं. तेवढ्यात वाऱ्यानं कागद हातात उलटला. कोरी बाजू माझ्याकडे आली. समोर नुकता वर आलेला सूर्य, त्याच्या उजेडात निळ्या रेघा कागदाच्या मागून दिसू लागल्या. आणि मला कडा दिसला. जिथे होता तिथे! टाकं तिथेच, ओढ्याचं वळण तिथेच, मावळतीला माळाच्या लांब लांब रेघा. मागून पाहिला तर डोंगर तंतोतंत बरोबर होता.

मी ट्रेसिंग मशीनवर पालथं घातलं होतं. नटबोल्टाचं चित्र असं छापलं तर त्यावरची अक्षरं लगेच बोंब मारतात. माझ्या डोंगरावर अक्षरच नव्हतं. बाण होता, पण तो बेटा उलटला तरी वरच बघतो. या चुकीपायी मी एका बाईला शेरडं कड्यावर चारायला सांगितलं होतं आणि तिचा माळ बंद करून टाकला होता. खरंच सांगतो, त्या वेळी मला रडू आलं.

"आत्या," मी म्हणालो, "मी डोंगर उलटा छापला."

तिनं तंबाखू तोंडात टाकली. "मंग सुलटा करा. त्यात काय हाय एवढं? काल बोलला आसता तर मी इतवर चढलेबी नसते."

शाळेची पडवी, शुक्रवार दुपार

बबननं दारोदार फिरून माणसं पुन्हा जमवली. मी उभा राहिलो आणि सरळ सांगून टाकलं. कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरून दाखवला. "चूक माझी आहे. खात्याची नाही, तुमची नाही. तुम्ही काल बरोबर होतात आणि मी शहाणपणा केला." एवढं बोलून मी लोक हसण्याची वाट बघत उभा राहिलो.

हसलं कुणी नाही. पाटणकर घसा खाकरून म्हणाले, "माझीही आहे. मी तीन महिन्यांपूर्वी बदलून आलो. गुडघ्यामुळे या डोंगरावर अजून एकदाही चढलेलो नाही. चढलो असतो तर काल मान हलवली नसती."

हनीफभाई दारात उभे होते. टोपी काढून म्हणाले, "मी तर या गावचा पण नाही. पण इथलं लाकूड माझ्या टेम्पोतून भट्ट्यांना गेलंय. तीन-चार वेळा. भाडं म्हणून नेलं, विचारलं नाही."

मग गावठाणातल्या त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं सांगितलं की टेम्पो भरणारे हात गावठाणाचेच होते. आणि शेवटी तान्हाबाई उठली. "ती तार म्या उचकटली. शेरडं रोपाव घातली. आता कुनाला काय म्हनायचं ते म्हना."

पाटणकरांनी तिच्याकडे बघितलं. वनपालापुढे असं कबूल करणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मला आज कानानं कमी ऐकू येतंय," ते म्हणाले, आणि तेव्हा मात्र पडवी हसली. कालची दोन बाजूंची माणसं हसता हसता नकाशाजवळ एकत्र सरकली.

मी नळीतून मूळ ट्रेसिंग काढलं, सुलटं पसरलं, आणि ज्याला जे नाव ठाऊक ते सांगू लागला. बायकांना ओढ्यांची नावं जास्त ठाऊक होती, बाप्यांना वाटांची. टाकीची घळ बंद, यावर क्षणात एकमत झालं. पण सगळी शेरडं एकट्या माळावर सोडली तर माळ दोन वर्षांत खरवडून निघेल, असं पाटणकर म्हणाले, आणि गाडी अडली. वाडी म्हणे माळ पाहिजे, गाव म्हणे माळ संपला तर माती आमच्या विहिरीत. आवाज चढू लागले.

"थांबा राव," बबन ओरडला. "आमच्याकडं वीज पुरत नाही, तर कंपन्यांना सुट्ट्या वाटून दिल्यात का नाही? एक बंद, दुसरी चालू. मग गवत पुरत नाही, तर माळाला द्या की सुट्टी!"

तो असा फडाफडा बोलला की भांडणारे त्याच्याकडे वळले. मी पेन्सिल घेतली. माळाचे तीन तुकडे पाडले. एकावर शेरडं, दोघांना सुट्टी, आणि मग पाळी फिरवायची. राखणीलाही शिफ्ट: दर शिफ्टला गावठाणातला एक, वाडीतला एक, बरोबर खात्याचा राखणदार. ज्याच्या घराची पाळी त्याच्या दारावर बबनजवळच्या कारखान्याच्या जुन्या पितळी बिल्ल्यांतला एक टांगायचा. जळणाला वाळलेल्या फांद्या, डोक्यावर मावतील तेवढ्या, कुऱ्हाड न्यायची नाही. हनीफभाई मधेच म्हणाले, "आणि टेम्पो नाही. लिहा तेही." तेही लिहिलं.

दिवस कलेपर्यंत मी शाई भरली. सोळा वर्षांत एवढं सुंदर ड्रॉइंग मी काढलेलं नाही. अंगठे द्यायला रांग लागली, आणि एकही माणूस घरी बसलेला नव्हता.

चाकण, शनिवार

टेम्पोत शेरडांच्या जागी आम्ही चढलो: पाटणकर, बबन, दोन्ही वस्त्यांची माणसं, नवं लुगडं नेसलेली तान्हाबाई. ती निघताना शेरडांना काय बोलली ते ऐकू आलं नाही. साहेब नाही म्हणाले तर हाच टेम्पो परत येऊन त्यांना नेणार होता, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मोठे साहेब बारीक चणीचे, चष्मेवाले. नकाशा टेबलावर पसरून बराच वेळ बघत राहिले. एका जागी बोट थांबलं. "हे काय? साप्ताहिक सुट्टी? डोंगराला?"

"आम्हाला गुरुवारी मिळते की साहेब," बबन म्हणाला.

साहेब हसले नाहीत. "कल्पना चांगली आहे. पण हे पाळणार कोण? चार महिन्यांनी सगळे विसरतील, आणि दोष माझ्या खात्याला."

आम्ही पाटणकरांकडे बघितलं, पाटणकरांनी माझ्याकडे. बोलली तान्हाबाई. "सायब, डोंगर सरकारचा, शेरडं माजी, इहीर गावाची. तार तुमी लावली तर एकटं तुमीच राखणार, आन् आमी उचकटणार. आता रेघ आमी वढलीया. सवताची रेघ कोन उचकटतं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग पेनाचं टोपण उघडलं. "एक पावसाळा देतो. टिकलं तर पुढे."

टिकलं. हे आताच सांगून टाकतो, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. दिवाळीच्या सुमाराला बबननं तिसऱ्या तुकड्यातल्या गवताची एक पेंढी माझ्या पाट्यावर आणून टाकली. उभी केली तर माझ्या कमरेला लागली. साऱ्या ड्रॉइंग ऑफिसात कुसळं झाली आणि मी कुणालाही ती झाडू दिली नाहीत. उलट्या छापाची प्रत मी घरी भिंतीवर लावली आहे. सौ.ला आता मी रत्नागिरीचा डोंगर दाखवतो तेव्हा ती विचारते, "बघू, सुलटा आहे ना?"

पण गोष्ट शनिवारचीच सांगायची राहिली. सही झाल्यावर सगळ्यांनी बाजारतळावर चहा प्यायचं ठरलं. लिंबाखाली तो व्यापारी दोर घेऊन उभाच होता. रिकामा टेम्पो आणि त्यातून उतरणारी एवढी माणसं बघून तो गोंधळला. पुढे येऊन म्हणाला, "आत्या, सकाळधरनं वाट बघतुया. शेरडं कुठायत?"

तान्हाबाईनं पदर सावरला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "फस्ट शिफ्टला गेल्यात!"